जिथला असशील तिथला देव

शिमग्याचं देवापुढचं गाऱ्हाणं सुरू होण्याआधीच दर्शनाने गुरवकाकांच्या हातात कागद ठेवला. तीन वर्षं बंदरांच्या जुन्या नोंदी धुंडाळून तिने पणजोबांचं मूळ गाव शोधून काढलं होतं. दर शिमग्याला देवळात बाकीच्या घरांसाठी त्यांच्या मूळ गावच्या देवाचं नाव घेतलं जाई, तिच्याच घरासाठी काका म्हणत, "जिथला असशील तिथल्या देवा महाराजा." तिची मान खाली जायची. "आता खरं नाव घ्या," ती म्हणाली. काकांनी कागद न वाचताच मिटला. "बाय, माझ्या आज्याला गाव म्हायत होतं. पण गलबतावरून आलेल्या तुझ्या पणजोबाने त्याचे पाय धरले. म्हणाला, गावाचं नाव कधी घेऊ नको, तिथली माणसं मला शोधत येतील." बाहेर ढोल वाजू लागला. काकांनी विचारलं, "बोल, घेऊ?" दर्शनाने कागद परत घेतला. शेवटी पणजोबांना शोधत आली ती त्यांचीच पणती.