सहा मिनिटांचा म्हातारा

मी कोल्हापुरात एकट्यानं अ‍ॅनिमेशनच्या फिल्म बनवतो. पहिल्या दोन फिल्म मिळून जेमतेम चाळीस जणांनी बघितल्या, त्यातले निम्मे आमचेच पाहुणे. तिसरी मात्र मी मनातला राग काढायला केली. गडहिंग्लजच्या आमच्या कापडदुकानात माझे वडील, म्हणजे अप्पा, गार चहावरून, चुकलेल्या घडीवरून, पंख्याच्या आवाजावरूनही दिवसभर भडकत असतात. त्यांच्यावरच सहा मिनिटांची फिल्म.

अप्पांना कळू नये म्हणून म्हाताऱ्याची मिशी काढून टाकली आणि दुकानाच्या जागी पिठाची गिरणी दाखवली. भडकलेलं तोंड नीट जमावं म्हणून आम्ही अ‍ॅनिमेशनवाले समोर आरसा ठेवतो. तीन वर्षं मी आरशात बघून दातओठ खात होतो आणि तेच कागदावर उतरवत होतो.

शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये फिल्म दाखवली, तर नेमके अप्पा पहिल्या रांगेत येऊन बसले. पळायला सोपं जावं म्हणून मी मागं दाराजवळ उभा राहिलो. पण अप्पा पहिल्या मिनिटापासून मांडीवर थापा मारून हसत होते. दिवे लागल्यावर ते डोळे पुसत माझ्याकडं आले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझी पाठ थोपटली.


"लई भारी, शैल्या! हुबेहूब तूच की! चारचौघांत सोताचीच एवढी टिंगल करायची म्हंजे काळीज लागतंय मर्दा!"