तेहतीसची तबकडी

श्रीगोंद्याच्या बाजारात दानियलनं आपल्या रॉक बँडची नवी तबकडी, कुणाची ते न सांगता, हॉटेलवाल्याला वाजवायला दिली आणि तो कोपऱ्यात चहा घेऊन बसला. आई गेल्यावर त्यानं बांधलेलं गाणं लागलं. “लई झ्याक! पाय थांबंनात,” एक गडी म्हणाला. “कसलं झ्याक? मांजरं भांडत्यात नुसती,” दुसऱ्यानं नाक मुरडलं. दानियल चरकला. छोट्या तबकड्यांच्या सवयीनं मालकानं वेगाचा खटका पंचेचाळीसवर ठेवला होता. ही तबकडी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची. दानियलनं उठून खटका तेहतीसवर सरकवला. त्याचा खरा आवाज, संथ आणि जड, हॉटेलभर पसरला. दोघंही गप्प झाले. पोचलं, दानियलला वाटलं. तेवढ्यात पहिला ओरडला, “मालक, मशीन मेलं का काय?” दुसरा म्हणाला, “त्यापरीस मांजरं बरी हुती.” सगळं हॉटेल हसलं. मालक गल्ल्यावरून उठायच्या आत दानियलनंच खटका पुन्हा पंचेचाळीसवर नेला.