चिटपाखरू नसलेला रस्ता

कॉलेजच्या पोरांचं वर्तमानपत्र माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात निघतं. सुट्टीनंतरच्या अंकाच्या सगळ्या प्रती मशीनमधून निघाल्यावर मी एक हातात घेतली आणि माझं डोकंच फिरलं. पहिल्या पानावर भलामोठा फोटो, वर मथळा: ‘सुट्टीत गावात चिटपाखरूही नव्हतं!’

“काय गं, हा रस्ता आपलाच ना?” मी संपादकबाईंना विचारलं.

“हो काकू. कसला रिकामा आलाय ना!”

“आणि दुकानाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी आहे, ती कोण?”

तिने पान डोळ्यांजवळ धरलं. “अय्या, तुम्ही! लक्षातच नाही आलं.”

“अगं, सुट्टी तुम्हाला लागते. आम्ही बाराही महिने इथेच असतो!”

पोरगी ओशाळली. “सॉरी काकू. पुढच्या अंकात नक्की खुलासा छापते.”

दिलेला शब्द मात्र पाळला हं तिने. काल पुढचा अंक माझ्याच मशीनमधून निघाला. पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत खुलासा होता: ‘गेल्या अंकातील रिकाम्या रस्त्याच्या छायाचित्रात नजरचुकीने एक व्यक्ती आली होती. त्याबद्दल आम्ही वाचकांची क्षमा मागतो.’