अकरा अर्ज आणि एक कार्ड

पंढरीच्या पत्राला नरहरी राऊत गुरुजींनी उत्तर दिले नव्हते. पत्र येऊन अकरा महिने झाले होते. ते शब्दकोशात घडी करून ठेवलेले होते आणि गुरुजींना पाठ होते.

‘गुरुजी, मला इथं का ठेवलंय ते कोणी सांगत नाय. धरताना शिपाई बोलला, किनाऱ्यावरून समुद्राकडं दिवा दिसला. माझ्या हातात कंदील होता, पण विझलेला. तुमी माळ्यावर बसता. दिवा कोणाचा ते बघितलं असंल तर कळवा. तुमचा विद्यार्थी, पंढरी मेहेर.’

पासष्ट सालच्या सप्टेंबरात, लढाई चालू असताना, सातपाटीच्या बंदरावर त्याला पकडले होते. भारत संरक्षण कायद्याखाली. आरोप नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. दर सहा महिन्यांनी फेरविचार व्हायचा आणि सरकारचा एक ओळीचा कागद यायचा.

ब्लॅकआउटची नोटीस गावाला गुरुजींनीच वाचून दाखवली होती. खिडक्यांना काळा कागद कसा चिकटवायचा, हेही घरोघर फिरून दाखवले होते.

पंढरीला धरून नेल्यावर मात्र हा माणूस बदलला. चार माणसांत तोंड न उघडणारे गुरुजी पालघरला मामलेदारांपुढे उभे राहून अडखळत बोलले. मच्छीमार सोसायटीच्या दाराशी टेबल टाकून त्यांनी दोनशे सह्या आणि अंगठे गोळा केले. अकरा अर्ज लिहिले. प्रत्येक अर्ज तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिला, आणि तरी शब्द बरोबर पडला का, ही शंका राहिलीच.

“उंदीर होता मास्तर, माज्या पोरासाठी वाघ झाला,” पंढरीची आई साखरबाई बाजारात सांगायची.

हल्ली गुरुजी दिवेलागणीनंतर वाचत नसत. डोळे गेले, म्हणत.

त्या दिवशी दुपारी सुगंधा आली. पंढरीची बायको. मासळीची पाटी दाराशी उतरवून तिने ओच्यातला सरकारी कागद पुढे केला.

“वाचा.”

“स्थानबद्धता चालू ठेवणे आवश्यक आहे,” गुरुजींनी वाचले.

“म्हंजे मागचंच.”

“मागचंच.”

ती उंबऱ्यावर बसली. “काल तुरुंगात भेटीला गेले होते. दोघांनी धरून आणलं त्यांना. अन्न सोडलंय, गुरुजी. आज चौदावा दिवस. मी बोलले, अवो, असं काय करता, होडी वाळूत सुकतेय तुमची. तर बोलतात, मीबी सुकतोय. हसले वर.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

“डॉक्टर बोलला, आणखी आठ दिवस. त्याच्यापुढं भरवसा नाय.” तिने डोळे पुसले नाहीत. “आरोप असता तर खोटा तरी पाडला असता. हिथं काय पाडू? तुमाला मी पयल्या अर्जापासून सांगते, ठणकावून लिवा, दिवा नव्हताच. तुमी आपलं दर वेळी लिवता, दिवा पंढरीचा नव्हता.”

“गस्तीच्या बोटीवरून दिवा दिसला आहे, सुगंधा. खोटं कसं लिहायचं?”

“खऱ्यानं काय झालं?”

गुरुजींनी सरकारी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “बारावा अर्ज करू. दिल्लीला.”

“दिल्लीला दोनदा गेला. मुंबईला चारदा. सगळ्यांना लिवून झालं.” ती थांबली. “एकालाच नाय लिवलं तुमी. माज्या नवऱ्याला. दर भेटीत विचारतात, गुरुजींचं पत्र आलं काय? कालबी विचारलं. मी काय सांगू?”

गुरुजींनी शब्दकोशाकडे पाहिले. मग त्यांनी पेटीतून एक पोस्टकार्ड काढले आणि खिडकीशी बसून लिहिले. मसुदा केला नाही. एकही शब्द खोडला नाही.

“वाचून दावा,” सुगंधा म्हणाली. अकराही अर्ज त्यांनी तिला वाचून दाखवले होते. त्याशिवाय ती एकही कागद पोस्टात जाऊ देत नसे.

“टाकल्यावर वाचतो. तूही चल.”

ते निघाले. तिने पाटी डोक्यावर घेतली. वाटेत बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. तिथल्या बायका म्हणाल्या, “गुरुजी, आज स्वारी स्वतः?” गुरुजींनी हात जोडले, पण थांबले नाहीत.

पोस्टात पोस्टमन चिंतू टपालाची थैली बांधायला बसला होता. कार्ड पाहून तो हसला. “तुमी आणि कार्ड? तुमचं पाकीट तर दोनदा डिंक लावून येतं. आणि तुरुंगात जाणारं कार्ड आधी साहेब वाचतो, गुरुजी. नंतर कैदी.”

“ठाऊक आहे. म्हणूनच कार्ड.”

गावात येणारे-जाणारे प्रत्येक कार्ड चिंतू वाचायचा. हेही त्याने वाचले. त्याचे हसू गेले. शिक्का धरलेला हात वरच राहिला.

“गुरुजी, हे परत घ्या. म्हातारपणी कुठं—”

“शिक्का मार, चिंतू.”

चिंतूने शिक्का मारला. कार्ड थैलीत गेले, थैलीचे तोंड आवळले गेले. गाठीवर लाख पडेपर्यंत गुरुजी तिथून हलले नाहीत.

“आता तरी वाचा,” सुगंधा म्हणाली.

गुरुजींनी चष्मा काढला. कागद समोर नव्हता. त्याची गरजही नव्हती. अकरा अर्ज तिला वाचून दाखवले होते, त्याच आवाजात ते म्हणाले:

“चिरंजीव पंढरीस आशीर्वाद. त्या रात्री फार उकडत होते आणि पुस्तक संपत आले होते, म्हणून मी माळ्याच्या खिडकीचा काळा कागद काढला. दिवा माझा होता.”