सांगलीची पायली

नानासो जोंधळ्याची पिशवी घेऊन घरात शिरला तो तणतणतच. काल आणलेले जोंधळे कमी भरले होते, म्हणून आज तो स्वतः दुकानात उभा राहिला आणि डोळ्यांदेखत एक पायली मापून घेऊन आला.

"आता बघ मापून," तो बायकोला म्हणाला.

अंजनाने साताऱ्याहून आणलेला पितळी शेर काढला. पायलीचे शेर चार. तीन भरले, चौथा जेमतेम निम्मा झाला. तिने पुन्हा मापलं, जरा हात राखून. तरी तेच.

दुकानदाराला लबाड म्हणून नानासो चारचौघांत ओरडून आला होता. त्या भल्या माणसाने आवाजही चढवला नाही. पायली उलटी करून बुडावरचा संस्थानचा शिक्का दाखवला आणि म्हणाला, "तुमची पायली इंग्रजी हद्दीतली, आमची सांगलीची. मागं भाव इचारून गेलासा, माप न्हाई इचारलंसा." नानासोला तेव्हा ती थाप वाटली होती.

चहा कंपनीचा सेल्स सुपरवायझर असलेल्या नानासोला हे ऐकावं लागलं. साहेबाने सातारा की सांगली विचारलं, तेव्हा त्यानेच बोटांवर हिशेब मांडला होता. सांगलीला पगार पाच रुपये जास्त, खोलीचं भाडं थोडं चढं, पण जोंधळे पायलीमागे दोन आण्यांनी स्वस्त. म्हणजे आणखी एक माणूस आरामात जेवेल. ते माणूस म्हणजे त्याची आई. राहीबाई पाटणला लेकीकडे, जावयाच्या दारात राहत होत्या आणि ते नानासोला रात्रंदिवस टोचत होतं. परवाच तो त्यांना घेऊन आला होता.

आता स्वस्ताई मापातच गेली, आणि वर भाडं बोडक्यावर बसलं.

परत साताऱ्याला जाता येईल का, असं अंजनाने विचारून पाहिलं. त्या जागेवर कंपनीतला भाऊसो रुजूसुद्धा झाला होता. त्यांची खोलीही त्यानेच घेतली होती.

"आवं, दुकानं तपासत हिंडायची तुमची नोकरी," अंजना म्हणाली. "आन् एवढं ध्यानात आलं न्हाई?"

नानासोने समोरचा शेर भिरकावला. तो भिंतीवर आपटला आणि त्यातले जोंधळे घरभर उडाले. दारात बसलेल्या राहीबाई उठल्या आणि ते गोळा करू लागल्या. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आईने सगळं ऐकलंय.

भाकऱ्या झाल्या. अंजनाने सासूपुढे ताट ठेवलं. त्यांनी ते लेकाकडे सरकवलं.

"तुमी खावा. मला उपास हाय."

"आज कसला उपास, आये?"

"म्हाताऱ्या माणसाला कसला तरी असतोयच की."

उपासाला वरी लागेल, आणि वरी तर जोंधळ्याहून महाग, असं नानासोच्या मनात येऊन गेलं. मग त्याला स्वतःचीच इतकी किळस आली की मोडलेला घास तोंडापर्यंत जाईना.