गौरीचा उजवा डोळा

"नाना, डाव्या पापणीचे केस एवढे लांब कसे झाले?" डॉक्टर भिंग घेऊन वाकले.

नानांनाही आरशात तेच कोडं पडलं होतं.

"काचबिंदूच्या थेंबांनी असं होतं. पण मी थेंब उजव्या डोळ्यासाठी दिले होते, आणि त्याचं प्रेशर तीन महिन्यांत जरासुद्धा उतरलेलं नाही. घालतं कोण?"

"मीच, रोज," सून वृषाली म्हणाली. "उजव्यातच."

औषधाचा कागद तिच्याकडेच असे; थेंब कुठल्या डोळ्यात, हे नानांनी कधी विचारलं नव्हतं. ती वाकली की नाना निमूट मान वर करत.

"घालून दाखवा."

वृषाली समोर बसली. तिनं नानांची हनुवटी उचलली आणि "हा उजवा" म्हणत बाटली त्यांच्या डाव्या डोळ्यावर धरली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. नानांना मात्र ती हनुवटीवरची पकड ओळखीची वाटली. गौरीचे मुखवटे रंगवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं, मुखवट्याची अशीच हनुवटी धरून: आपल्या उजव्या हाताकडचा, तो उजवा डोळा.

वृषालीचा चेहरा उतरला.

"तिला बोलू नका, डॉक्टर," नाना म्हणाले. "चाळीस वर्षं गौरीचे डोळे रेखतोय मी. तिच्या बाजूनं कधी पाहिलंच नाही."