गळलेली ओळ

छापखान्याच्या मागच्या खोलीत ती हस्तलिखितातून मोठ्यानं वाचत होती. समोर काका, म्हणजे तिथले जुने मुद्रितशोधक, छापील कागदावर लाल पेन फिरवत होते. इब्री शास्त्राचा, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराचा, नवा अनुवाद होता. मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेल्या दासीची गोष्ट चालू होती. विरामचिन्हांसकट वाचायचं, ही तिथली रीत.

"दूतानं विचारलं स्वल्पविराम दासी स्वल्पविराम कुठून आलीस आणि कुठं निघालीस प्रश्नचिन्ह."

आवाज अगदी सपाट. सकाळी सासूनं तिची पिशवी दाराबाहेर ठेवली होती आणि नवरा चहा पीत बसला होता. रडू येईल म्हणून तिनं वाट बघितली. आलं नाही. मेलं रडूसुद्धा त्यांच्याच बाजूचं! संध्याकाळी परत जाऊन पाय धरायचे, दुसरं काय. मागंही एकदा धरलेच होते.

"मालकिणीकडं परत जा स्वल्पविराम ती ठेवील तशी मुकाट राहा पूर्णविराम." ती थांबली. "घ्या! देवाचा दूतही सासरचाच निघाला."

"वाच," काका म्हणाले. मान वर केली नाही.

पानं उलटत गेली. दासी परत गेली होती; या खेपेला तिला घराबाहेरच काढलं, तेही पोरासकट. रानात पाणी संपलं. पोराला झुडपाखाली ठेवून ती लांब जाऊन बसली, त्याचं मरण बघवेना म्हणून.

"आभाळातून हाक आली स्वल्पविराम काय झालं गं तुला प्रश्नचिन्ह भिऊ नकोस पूर्णविराम देवानं तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली पूर्णविराम."

ती अडली. कागद मागंपुढं केला.

"काका, इथं एक ओळ गळलीय."

"कुठली?"

"परत जा म्हणायची."

काकांनी छापील कागद बघितला. मग तिच्यापुढचं हस्तलिखित ओढून बघितलं. तेवढ्यानं भागेना म्हणून फळीवरचा जुना ग्रंथ काढला आणि त्यातही बघितलं.

"गळलेली नाही. या खेपेला देव तसं म्हणतच नाही."

"नीट बघा ना. म्हणायलाच हवं. नाहीतर बाई जाणार कुठं?"

काकांनी चष्मा काढला. पेनाला टोपण लावलं.

"काय झालं गं तुला?"

तिनं हस्तलिखित पुढं ओढून ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ झाली, काका."

"तिला नाही गं," काका म्हणाले. "तुला विचारतोय."